आवराआवरीत जाणारे फोटो

(नाशिकमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. घरच्या कॉम्प्युटरच्या अडचणींवर बोला, असं मला सांगितलंय. अडचणी खूप आहेत, पण आज मी मुख्यतः फोटोंबद्दल बोलणार आहे. कॉम्प्युटर बंद पडला तर नवा आणता येतो. मुलीच्या बारशाचे फोटो पुन्हा आणता येत नाहीत.

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामामुळे ‘फोटो गेले’ हे वाक्य मी फार ऐकतो. बहुतेकांना वाटतं व्हायरस आला किंवा हार्ड डिस्क उडाली. तसं होतंही. पण खोदून विचारलं की बऱ्याचदा वेगळंच निघतं. फोन भरला होता म्हणून जागा केली. लग्नाला जायच्या आदल्या रात्री कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं. दिवाळीच्या साफसफाईत जुना कॉम्प्युटर देऊन टाकला. म्हणजे फोटो बिघाडात कमी जातात आणि आवराआवरीत जास्त जातात. म्हणून माझी पहिली विनंती आहे की घाईत असताना एकही फोटो डिलीट करू नका.

आता हे घडतं कसं ते सांगतो. कॅमेऱ्याचं किंवा फोनचं सामान कॉम्प्युटरवर घेताना आपण ‘कट’ आणि ‘पेस्ट’ करतो. मध्येच केबल हलली, लाइट गेली, की निम्मे फोटो इकडे, निम्मे तिकडे आणि एखादा अर्धवट. त्याऐवजी ‘कॉपी’ करा. मग दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा. फाइलींची संख्या आणि आकार जुळला, चार-सहा फोटो उघडून पाहिले, की मगच मूळ ठिकाणचे काढा. दहा मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या.

दुसरा धोका नावांचा. कॅमेरा फोटोंना क्रमांक देतो, ०००१ पासून ९९९९ पर्यंत, आणि मग पुन्हा ०००१. बऱ्याच कॅमेऱ्यांत कार्ड बदललं तरी क्रमांक पहिल्यापासून सुरू होऊ शकतो. त्यामुळे त्र्यंबकेश्वरच्या सहलीतला ००४५ आणि नातवाच्या मुंजीतला ००४५ असे एकाच नावाचे दोन फोटो घरात असतात. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकायला गेलात की विंडोज विचारतं, ‘रिप्लेस करू का?’ आपल्याला वाटतं तोच फोटो असेल, आपण ‘हो’ म्हणतो, आणि सहल मुंजीखाली पुसली जाते. ही बदली झालेली फाइल रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक वेळी नवा फोल्डर करा आणि नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घाला, पुढे प्रसंग. ‘२०१५-०८-२९ सिंहस्थ रामकुंड’ असं. वर्ष आधी लिहिलं की कॉम्प्युटर आपोआप काळाच्या क्रमाने लावून देतो. नाव मराठीत लिहिलं तरी आताच्या कॉम्प्युटरना काही अडचण येत नाही, तेव्हा बिनधास्त मराठीत लिहा.

समजा, फोटो डिलीट झालेच. तर काय करायचं? कार्ड ताबडतोब कॅमेऱ्यातून काढून ठेवायचं. त्यावर एकही नवा फोटो काढायचा नाही. कार्डावरून किंवा पेन ड्राइव्हवरून काढलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, त्यामुळे तिथे शोधून उपयोग नाही. पण ती लगेच पुसलीही जात नाही. डिलीट केल्यावर कॉम्प्युटर फक्त एवढंच नोंदवतो की ही जागा आता मोकळी आहे. मजकूर तिथेच असतो, नवीन काही येऊन बसेपर्यंत. फोटोरेक नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. तो फाइलींची नावं पाहत नाही. जेपीजी, म्हणजे नेहमीच्या प्रकारचा, फोटो ज्या ठरावीक खुणेने सुरू होतो ती खूण तो कार्डभर शोधत जातो. म्हणून परत आलेल्या फोटोंची मूळ नावं मिळत नाहीत, पण फोटो मिळतात. एक लक्षात ठेवा, सापडलेले फोटो त्याच कार्डावर परत सेव्ह करायचे नाहीत, कॉम्प्युटरवर करायचे. हे कार्डाचं आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं झालं. हल्लीच्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क असते, ती मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करत राहते, त्यामुळे तिथून फोटो परत मिळण्याची आशा फार कमी. आणि हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कुठलाही प्रोग्राम चालवत बसू नका. बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. चालू ठेवाल तेवढं नुकसान वाढेल.

आता फोनकडे येऊ, कारण आज आपले नव्वद टक्के फोटो फोनमध्येच असतात असं म्हटलं तरी कुणी हरकत घेणार नाही. गूगल फोटोजबद्दल गैरसमज फार आहे. १ जून २०२१ पासून तिथली अमर्याद मोफत जागा बंद झाली. आता १५ जीबी मिळते, आणि ती जीमेल आणि ड्राइव्ह मिळून. ती भरली की फोटोंचा बॅकअप थांबतो, जीमेलवर पत्र यायचीही थांबतात. मग माणूस घाबरून फोटो काढायला लागतो. इथे दोन बटणांमधला फरक नीट समजून घ्या. ‘फ्री अप स्पेस’ म्हटलं की फोनमधली प्रत जाते, गूगलकडची राहते. पण त्याच ॲपमध्ये फोटो निवडून ‘डिलीट’ केलं की तो दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो कचऱ्याच्या डब्यात ६० दिवस राहतो, तेवढ्यात परत घेता येतो. आणि एकाने आज ‘फ्री अप स्पेस’ केलं, सहा महिन्यांनी गूगलची जागा भरली म्हणून तिथून डिलीट केलं, की झालं, एकही प्रत उरली नाही. दोन्ही वेळा त्याच्या मते तो फक्त जागा करत होता.

विंडोजमधल्या वनड्राइव्हचंही तसंच. कॉम्प्युटरवरचं ‘पिक्चर्स’ फोल्डर वनड्राइव्हला जोडलेलं असेल आणि तुम्ही तिथला फोटो काढला, तर तो इंटरनेटवरच्या वनड्राइव्हमधूनही निघतो. दोन्हीकडे सारखं ठेवणं हे त्याचं काम आहे. तुमची चूकसुद्धा तो इमानदारीने दोन्हीकडे पोचवतो. म्हणून याला मी बॅकअप म्हणत नाही.

व्हॉट्सॲपवर मात्र मला थोडं थांबायचंय. एखाद्या घरात वडील जातात. दहाव्याच्या आत फ्रेम करायची असते. सगळे फोनमध्ये शोधतात. एक छान फोटो सापडतो, भाच्याच्या लग्नातला, हसरा. तो ग्रुपवर आलेला असतो. स्टुडिओवाला म्हणतो, मोठा होणार नाही, फाटेल. लोकांना हे त्या वेळी कळतं, आणि तेव्हा फार लागतं. असं का होतं? व्हॉट्सॲप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आक्रसून टाकतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची, म्हणजे चित्राच्या बारीक ठिपक्यांची, उरते. चांगल्या छपाईला एका इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे चार बाय सहाचा फोटो बरा येईल, पण बारा बाय अठराच्या फ्रेमला इंचामागे नव्वदसुद्धा पिक्सेल मिळत नाहीत. त्यात ग्रुप फोटोतून एकट्याचा चेहरा कापून घ्यायचा असेल तर उरतं काय? शिवाय फोटो कधी, कुठल्या कॅमेऱ्याने, कुठे काढला ही आतली नोंद, जिला एक्झिफ म्हणतात, तीही साध्या पाठवणीत गळून पडते. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो काढल्याची नसते, आल्याची असते. १९८७ चा स्कॅन केलेला फोटो गेल्या महिन्याचा म्हणून लागतो.

तेव्हा कुणाचा फोटो जपायचा असेल तर पाठवणाऱ्याला सांगा, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. पिनच्या चिन्हावर जाऊन डॉक्युमेंट निवडायचं आणि फाइल जोडायची, ती जशीच्या तशी येते. आणि एक सांगतो, गूगल फोटोज सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याचे फोटो घेतं. व्हॉट्सॲपचं फोल्डर तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन चालू केलं नसेल तर त्याचा बॅकअप होतच नाही. कित्येकांना फोन हरवल्यावर हे कळतं. आज घरी जाऊन प्रत्येकाने, घरातल्या मोठ्या माणसांचा एक तरी चांगला, मूळ फोटो कुठे आहे ते शोधून ठेवा. हे बोलणं अशुभ वाटून घेऊ नका.

मुलगा आयफोनवरून फोटो पाठवतो आणि कॉम्प्युटरवर उघडत नाहीत, ही तक्रार हल्ली रोजची. आयफोन २०१७ पासून एचईआयसी नावाच्या प्रकारात फोटो साठवतो, त्याने जागा कमी लागते. फाइलच्या शेवटी एचईआयसीच्या जागी जेपीजी लिहिलं म्हणून ती जेपीजी होत नाही, नुसती पाटी बदलते. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडायला सांगा, पुढचे फोटो जेपीजीत येतील. आधीचे असतील तर केबलने घेताना फोनच्या फोटो सेटिंगमधलं ‘ऑटोमॅटिक’ चालू ठेवा.

जुने अल्बम स्कॅन करणारे इथे बरेच जण दिसतात. चार बाय सहाचा फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांवर करा, म्हणजे २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. मोबाइलने अल्बमवरून फोटो काढला तर प्लास्टिकची चकाकी येते, जमलं तर टाळा. आणि जेपीजी फोटो दुरुस्त करून पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका, दर वेळी थोडा तपशील जातो. मूळ प्रत बाजूला ठेवून काम कायम दुसऱ्या प्रतीवर करायचं.

मागे कोण कोण उभं आहे हे ज्यांना माहीत आहे ती माणसं आज आपल्यात आहेत, हेही लक्षात घ्या. फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल करा आणि लिहा: डावीकडून कोण, कोणत्या वाड्यात, कोणत्या वर्षी. आत्याला फोन करून विचारा. हे काम कुठलाही प्रोग्राम करून देणार नाही.

दुसऱ्या प्रतीचं महत्त्व मला नाशिकमध्ये वेगळं सांगायला नको. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मले. आधी फोटोग्राफीचा व्यवसाय केला, १९१८ साली इथे नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, आणि त्यांनी कितीतरी चित्रपट काढले. त्यांतले बहुतेक आज बघायलाच मिळत नाहीत, काही तुकडे उरलेत. त्या काळची नायट्रेटची फिल्म पेट घेणारी, काळाने कुजणारी, आणि प्रती मोजक्या. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथून जाताना मला दर वेळी हे आठवतं आणि हळहळ वाटते.

फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. घराबाहेरची प्रत लोक टाळतात. अहो, आपण पुराची उंची गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजणारी माणसं. २००८, २०१६, २०१९, सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्यांना विचारा, पाणी शिरल्यावर कपाटातला कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारचा बॅकअप एकत्रच भिजतो. म्हणून एक हार्ड डिस्क इंदिरानगरला मुलीकडे, नाहीतर नाशिकरोडला भावाकडे ठेवा. वर्षातून दोनदा आणायची, नवीन फोटो टाकायचे, जुने चारदोन उघडून बघायचे आणि परत द्यायची. दिवाळी आणि अक्षय्य तृतीया असे दिवस धरले तर विसर पडत नाही. जुन्या सीडी असतील तर त्यांच्यावर आता विसंबू नका, चालताहेत तोवर उतरवून घ्या.

कॉम्प्युटरच्या इतर गोष्टी झटपट. फार हळू चालतो तेव्हा आधी सी ड्राइव्ह भरलाय का बघा. विंडोज १० ला मोफत सुरक्षा देण्याची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे, त्यावर बँकेचे व्यवहार करत असाल तर मुलांशी बोलून पुढचं ठरवा. आणि व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नाही, तो फोनमध्ये शिरणारा प्रोग्राम आहे. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण त्यांचाही फोन आधीच ताब्यात गेलेला असू शकतो.

शेवटी एका मावशींनी विचारलं, ‘यांचे सगळे फोटो त्यांच्या गूगल खात्यात होते. ते गेले, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. आता काय?’ मावशी, फोन अजून उघडत असेल तर तो बंद करू नका, रिसेट तर मुळीच करू नका. त्यात खातं चालू असेल तर आधी सगळे फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, त्यामुळे उशीर नको. फोन उघडत नसेल तर मृत्यूचा दाखला देऊन गूगलकडे अर्ज करता येतो, मंजूर होईलच असं मी सांगू शकत नाही. बाकीच्यांनी मात्र आजच ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ हे सेटिंग भरा. किती महिने खातं वापरलं नाही तर कुणाला कळवायचं ते त्यात ठरवता येतं, तीन महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत, आणि दहा माणसांपर्यंत. ज्याचं नाव घालाल त्याला तसं सांगून ठेवा. ज्यांनी फोन आणलाय आणि ज्यांना आपला पासवर्ड आठवतोय ते सभा संपल्यावर थांबा, इथेच बसून भरून घेऊ.