आई, सुई आणि दोन थेंब

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या आईचा एका इंजेक्शनवर शेवटपर्यंत राग होता.

१९६६ सालचा पावसाळा. मी तीन वर्षांची. गोव्यात डिचोली तालुक्यातलं आमचं गाव, वहाळ दुथडी भरून वाहत होता. मला ताप आला. दोन दिवस उतरेना, तेव्हा आई मला कडेवर घेऊन भर पावसात एका दवाखान्यात गेली. तिथे तापावरची म्हणून सुई मारली, डाव्या बाजूला, कमरेखाली. ताप उतरला. पण मी बिछान्यातून उठायला गेले, तर डावा पाय हलेना.

डॉक्टर म्हणाले पोलिओ. आई म्हणाली, सुईने माझ्या पोरीचा पाय नेला.

पुढे मी शिकले, प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले आणि या गोष्टीवरून आईशी कितीदा तरी वाद घातला. विषाणूमुळे पाय गेला गं, सुईचा काय दोष? ती गप्प बसायची, पण तिला ते कधी पटलं नाही. फार उशिरा, ती गेल्यानंतर, मी याबद्दल वाचलं आणि मला कळलं की तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो, आतड्यात वाढतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. ज्यांना लागण होते त्यांतल्या बहुतेक मुलांना काहीच होत नाही, झाला तर साधा ताप. साधारण दोनशेत एखाद्याच्याच मज्जारज्जूपर्यंत विषाणू पोचतो आणि स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मारतो. आता अशा मुलाला, विषाणू अंगात असताना, स्नायूत सुई टोचली तर? १९५० च्या सुमारास ब्रिटनमधल्या संशोधकांनी नोंदवलं की ज्या हाताला किंवा पायाला सुई टोचली, तोच अवयव लुळा पडण्याचं प्रमाण जास्त दिसतं. त्याचं कारण १९९८ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून उलगडलं: दुखावलेल्या स्नायूतून विषाणू मज्जातंतूवर चढतो आणि थेट मज्जारज्जू गाठतो.

म्हणजे सुईने मला पोलिओ दिला नाही. तो आधीच माझ्या पोटात होता. पण त्या दिवशी ती सुई मारली नसती, तर कदाचित मी त्या दोनशेतल्या उरलेल्या मुलांत राहिले असते. ताप म्हटला की सुई, ही आपल्याकडची जुनी सवय. तिने किती पाय नेले असतील, कोण जाणे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. हा धोका गावात पोलिओचा विषाणू फिरत होता तेव्हाचा. आज तो इथे नाही, म्हणून तुमच्या बाळाच्या लसीच्या सुईला हे लागू होत नाही.

पण आईला हे कोण समजावणार होतं? माझ्या पाठचा भाऊ जन्मला. गावात देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, माणूस आला की आई भावाला पोटाशी धरून मागच्या दाराने कुळागरात, माडा-पोफळींच्या बागेत, जायची आणि माणूस गेल्यावर परतायची. शेजारणी हसायच्या, अडाणी म्हणायच्या. ती अडाणी नव्हती. डोळ्यांसमोर घडलेलं ती विसरू शकत नव्हती, एवढंच.

मला बाबांनी पणजीहून बोटीने मुंबईला नेलं. हाजी अलीच्या अपंग पुनर्वसन संस्थेत माझ्या पायाचं माप घेतलं आणि कॅलिपर दिलं, पायाला आधार देणारं, लोखंडी पट्ट्यांचं, चामड्याचे बंद असलेलं. शाळेच्या व्हरांड्यात त्याचा खट् खट् आवाज आला की वर्गातल्या मुलांना कळायचं, बाई आल्या.

माझा फक्त पाय गेला. ज्यांचे श्वासाचे स्नायू गेले, त्यांची गोष्ट वेगळी. १९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला मोठी साथ आली. तिथल्या ब्लेगडाम रुग्णालयात श्वास थांबलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. लोखंडी फुप्फुस, म्हणजे रुग्णाला गळ्यापर्यंत आत निजवायचं ते यंत्र, सगळ्या रुग्णालयात एकच. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या घशाला भोक पाडून नळी घालायला लावली आणि रबरी पिशवी हाताने दाबत तिच्या फुप्फुसात हवा भरली. ती जगली. मग वैद्यकीय महाविद्यालयाची मुलं बोलावली. सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, महिनोन् महिने त्या पिशव्या दाबत बसले. कुणाच्या समोर त्याच्याच वयाची मुलगी, कुणाच्या समोर लहान मूल. मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आज बांबोळीला गोमेकॉत, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, आपलं माणूस व्हेंटिलेटरवर असतं, आपण बाहेरच्या बाकावर बसलेलो असतो. त्या अतिदक्षता विभागाची सुरुवात पोलिओच्या त्या साथीत झाली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते.

लस त्यानंतर तीन वर्षांनी आली. १९५५ साली जोनास साल्क यांची, मेलेल्या विषाणूची, सुईने द्यायची. मग १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अल्बर्ट सेबिन यांची, दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूची, तोंडात टाकायची. मला तो ताप आला तेव्हा या दोन्ही लशी जगात होत्या. आमच्या गावात नव्हत्या.

डिसेंबर १९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओ सुरू झालं आणि आमच्या शाळेत बूथ लागू लागला. मी दर वेळी बसायचे. बर्फाच्या पिशव्यांचा निळा डबा, डाव्या करंगळीला लावायची शाई. पुढे कुप्यांवर एक छोटा चौकोन आला. लस उन्हाने तापली की तो गडद होतो, मग ती कुपी वापरायची नाही. मला तो चौकोन फार आवडायचा. लस चांगली आहे की नाही, हे ज्याला वाचता येत नाही त्यालाही दिसायचं.

एका रविवारी बांधकामावरची एक बाई फाटकाबाहेर उभी राहिली. कडेवर मूल. सिस्टर बोलावत होत्या, ती आत येईना. मी उठून गेले. मोडक्या हिंदीत विचारलं. तिने सांगितलं, थोरल्याला सुई दिली होती, तो रात्रभर तापाने फणफणला, आता सुई नको. मला कुळागरात लपलेली आई दिसली. मी त्या बाईला काही शिकवलं नाही. कुपी हातात घेऊन दाखवली, म्हटलं, सुई नाही, दोन थेंब आहेत, बघ. तिने आधी कुपीकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे. आणि आत आली.

१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावड्याला एक मुलगी आजारी पडली. मूळच्या, म्हणजे लशीतून न आलेल्या, पोलिओ विषाणूची देशातली ती शेवटची रुग्ण. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्याच्या पाचच वर्षं आधी, २००९ मध्ये, जगात सर्वांत जास्त रुग्ण आपल्याच देशात होते, ७४१. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो विषाणू अजून फिरतो, म्हणून आपलं लसीकरण थांबलेलं नाही.

आणि आता सुई परत आली आहे. तोंडाच्या लशीतला दुबळा विषाणू क्वचित पुन्हा जोर धरतो, म्हणून थेंबांच्या जोडीला साल्क यांच्या जातीची लसही देतात. अगदी थोडीशी, दंडावर, कातडीतच. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, आणि नवव्या महिन्यात.

कुळागरात नेलेल्या त्या माझ्या भावाची नात नऊ महिन्यांची झाली तेव्हा तिची आई कामावर होती. आरोग्य केंद्रात मी घेऊन गेले. बाकावर बसले, कॅलिपरचा पाय लांब केला, पोर मांडीवर घेतली. सिस्टर म्हणाल्या, आजी, दंड घट्ट धरा. मी धरला. ती किंचाळली, माझ्या पदरात तोंड खुपसून रडली. सिस्टरनी कार्डावर तारीख लिहिली. मी तिला खांद्यावर घेऊन बाहेर आले. फाटकापाशी एक मांजर बसलं होतं. ते बघून ती रडायची थांबली आणि खाली उतरायला पाय झाडू लागली, दोन्ही.