ओठांवरचं वळण

मंडळी, जाहिरातीत विषय लिहिलाय 'ली मॉर्गनचा पहिला अल्बम', म्हणजे जॅझमधल्या एका अमेरिकन ट्रम्पेटवाल्याचा, आणि त्यातल्या सहाही रचनांवर बोलायचं मी कबूल केलंय. पण आधी एक जुना सल बोलून टाकू द्या.

काही वर्षांपूर्वी एका घरगुती बैठकीत मी ही रेकॉर्ड ऐकवली. पहिली बाजू संपायच्या आत एक जाणकार म्हणाले, "छान आहे हो, पण हा क्लिफर्ड ब्राउनचा झेरॉक्स आहे." क्लिफर्ड म्हणजे मॉर्गनच्या आधीचा जॅझ ट्रम्पेटवाला. सगळे हसले. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज सुचलंय.

आमच्या वाड्यात तात्या राहायचे. लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. लग्नसराई सरत आली की त्यांच्या ओठांवर माउथपीसचं लालसर कडं उमटलेलं असायचं, जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढं. चहासुद्धा बशीत ओतून, पार निववून प्यायचे. सकाळी दार ओढून घेऊन एकच सूर धरायचे, दम संपेपर्यंत. मग पुन्हा तोच. मी विचारलं, "तात्या, शिकलात कुणाकडे?" म्हणाले, "चिक चॉकलेट ऐकून." चिक चॉकलेट म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ. सी. रामचंद्रांचं संगीत असलेल्या 'अलबेला'त, 1951 साली, ज्यांचा बँड पडद्यावर दिसतो, तेच. आणि ते स्वतः कुणाच्या वळणावर गेले होते? अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगच्या. मुंबईत त्यांना भारताचा आर्मस्ट्राँगच म्हणायचे, आणि ते कौतुक असायचं! कोवळ्या गायकाच्या गळ्यात गुरूची जागा ऐकू आली की आपण मान डोलावतो, "तालीम दिसते" म्हणतो. मग ट्रम्पेटवाल्या पोरालाच झेरॉक्स का म्हणायचं?

आता ते पोर. ली मॉर्गन, फिलाडेल्फियाचा, जन्म 10 जुलै 1938. क्लिफर्ड ब्राउन जवळच्याच विल्मिंग्टनचा. मॉर्गननं त्याच्याकडून धडेही घेतले होते. 26 जून 1956 च्या रात्री, पावसात, पेनसिल्व्हेनियाच्या हमरस्त्यावर क्लिफर्ड मोटार अपघातात गेला. वय 25. त्यानंतर साडेचार महिनेही झाले नव्हते, तेव्हा, 4 नोव्हेंबरला, मॉर्गन न्यू जर्सीत हॅकेन्सॅकला रुडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवायला उभा राहिला. दिवसा चष्म्याचे नंबर काढणारा हा व्हॅन गेल्डर त्याच खोलीत ध्वनिमुद्रण करायचा. त्या 18 वर्षांच्या मुलाच्या ओठांवर क्लिफर्ड नसता, तरच मला काळजी वाटली असती.

शिवाय पियानोवर कोण होतं? होरेस सिल्व्हर. फेब्रुवारी 1954 मध्ये न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबमध्ये ड्रमर आर्ट ब्लेकीच्या ताफ्यात क्लिफर्डला साथ करत होता तोच. क्लिफर्ड कुठे संपतो आणि हा मुलगा कुठे सुरू होतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत म्हणे. मग रचना भराभर सांगतो. 'इंडीड!' नावाच्या या अल्बममध्ये मॉर्गनची स्वतःची एकही रचना नाही. 'रोकस' सिल्व्हरची, दोन बेनी गोल्सनच्या, दोन ओवेन मार्शलच्या, आणि एक डोनाल्ड बर्डची, जो स्वतः ट्रम्पेटवाला. आल्टो सॅक्सोफोनवर क्लॅरेन्स शार्प, बासवर विल्बर वेअर, ड्रमवर फिली जो जोन्स. दुसऱ्याच दिवशी सॅव्हॉय या दुसऱ्या कंपनीसाठी आणखी एक रेकॉर्ड झाली, तिच्याबद्दल आज नाही.

फरक मात्र ऐकाच. क्लिफर्डचा सूर गोल, ओळ लांब आणि दाणा न् दाणा सुटा. मॉर्गन सुराला चावा घेतो, मध्येच व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रम्पेटची कळ, अर्धवट दाबून सूर ओला करतो, पिळतो, आणि मग सोडून देतो. हा उद्दामपणा क्लिफर्डचा नव्हे. पुढे 1963 च्या त्याच्या 'साइडवाइंडर' या अल्बमपर्यंत तो नुसता वाढत गेला. आणि तरी 1957 च्या मार्चमध्ये, मॉर्गन अजून 18 च वर्षांचा असताना, गोल्सननं क्लिफर्डच्या आठवणीत बांधलेली रचना ब्लू नोटसाठी यानंच वाजवली. इतक्या हळुवारपणे, की तात्यांना ऐकवायला हवी होती असं दर वेळी वाटतं. ते त्याआधीच गेले.

दिवे थोडे मंद कराल का? 'रोकस' लावतो. पहिल्यांदा पियानो ऐका, सिल्व्हर त्या पोराला कशी वाट मोकळी करून देतो ते.