क्वेकरांचं घरातलं भांडण

श्रोते हो, नमस्कार.

सन १६५६, डिसेंबर महिना. लंडनमध्ये पार्लमेंट भरलेलं आहे. स्पेनशी युद्ध चालू, तिजोरीत खडखडाट, राजाचं डोकं उडवून अजून आठ वर्षंही झालेली नाहीत. म्हणजे कामांना काही तोटा नव्हता. तरीही या सभागृहानं दहा-बारा दिवस एकाच गोष्टीवर काथ्याकूट केला. जेम्स नेलर नावाच्या यॉर्कशायरच्या एका शेतकऱ्याचं करायचं काय? फासावर द्यायचं, की जीव तेवढा राखून बाकी सगळी शिक्षा करायची?

हा नेलर क्वेकर होता. आपल्याकडे ज्यांना क्वेकर ठाऊक आहेत, त्यांना ते ठाऊक आहेत सेवाग्रामला नई तालीमचं काम केलेल्या मार्जरी साइक्स यांच्यामुळे, नाहीतर १९४७ साली क्वेकरांच्या दोन सेवासंस्थांना मिळालेल्या शांततेच्या नोबेलमुळे. बेताचं बोलणारी, बंदुकीला हात न लावणारी, संकटात धावून जाणारी माणसं. ती प्रतिमा खोटी नाही. पण सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एखाद्या पाद्र्याला तुम्ही क्वेकरांबद्दल विचारलं असतं, तर त्यानं कानांवर हात ठेवले असते. ही माणसं वेडी आहेत, देवाची निंदा करतात, किंवा वेष पालटून आलेले पोपचे हेर आहेत, असं पुष्कळांचं प्रामाणिक मत होतं.

मुळात जाऊ. जॉर्ज फॉक्सचा जन्म १६२४ चा, लेस्टरशायरमधल्या फेनी ड्रेटन गावचा. बाप विणकर. पोरानं जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारी केली, थोडी मेंढरं सांभाळली आणि एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं. देशात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटलेली होती. आणि याच्या मनात एकच घालमेल : देव खरा कुठे भेटतो? एका पाद्र्याकडून दुसऱ्याकडे असा तो हिंडला. एकानं त्याला उपाय काय सांगावा? तंबाखू ओढ आणि स्तोत्रं म्हण! फॉक्स लिहितो, तंबाखू मला आवडत नव्हती आणि स्तोत्रं म्हणण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. हा माणूस बऱ्याच ठिकाणी रूक्ष वाटतो, पण हे वाक्य वाचलं की मला तो एकदम आपला वाटतो.

१६४७ च्या सुमारास त्याची खात्री पटली, की मध्ये कुणी मध्यस्थ लागतच नाही. ख्रिस्त प्रत्येकाच्या आत प्रकाशरूपानं आहे आणि तो थेट बोलतो. ऐकायला किती साधं! पण याचा अर्थ लावत गेलात तर काय काय कोसळतं बघा. पाद्र्याची गरज संपली. विद्यापीठात शिकून पाद्री होण्याला किंमत उरली नाही. चर्चच्या इमारतीत पावित्र्य राहिलं नाही, फॉक्स तिला 'मनोऱ्याचं घर' म्हणायचा. बाईच्या आतही तोच प्रकाश असेल, तर तिनं प्रवचन का करू नये? आणि सर्वांत झोंबणारी गोष्ट म्हणजे दशांश. शेतकऱ्यानं पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा हा कायदा होता, आणि कित्येक गावांत तो हक्क जमीनदारांनी विकत घेऊन ठेवला होता. क्वेकर म्हणाले, देणार नाही. अशा वेळी धर्मशास्त्राचं काडीमात्र ज्ञान नसलेला जमीनदारही धर्माच्या रक्षणाला धावून येतो, हे वेगळं सांगायला नको.

टोपीचंही तसंच. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर डोकं झाकणं हा मान, तिकडे टोपी काढणं हा मान. क्वेकर न्यायाधीशासमोर टोपी काढत नसत, कारण ती फक्त देवापुढे उतरवायची. सरदार असो की सावकार, सगळ्यांना एकेरीत बोलवायचं. कोर्टात शपथ घ्यायची नाही, कारण मत्तयच्या शुभवर्तमानात 'शपथ वाहूच नका' असं स्पष्ट म्हटलंय. शपथ घेत नाही म्हटल्यावर तुरुंगात टाकण्यासाठी दुसरा गुन्हा शोधायचीही गरज पडत नसे. १६५० साली डर्बीला ईश्वरनिंदेच्या कायद्याखाली फॉक्सला सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वेळी तिथल्या बेनेट नावाच्या मॅजिस्ट्रेटनं 'क्वेकर', म्हणजे थरथरणारे, अशी त्यांची टर उडवली. देवाच्या शब्दापुढे थरथर कापा, असं फॉक्सनं त्याला सुनावलं होतं म्हणून. टिंगलीचं नाव चिकटलं ते कायमचं.

हे सगळं लोकांना भिडत कसं होतं, ते १६५२ साली अल्व्हर्स्टनच्या चर्चमध्ये दिसतं. फॉक्स उठून बोलायला लागला. ख्रिस्त असं म्हणतो, प्रेषित तसं म्हणतात, हे तुम्ही सांगाल. पण तू स्वतः काय सांगू शकतोस? एका न्यायाधीशाची बायको, मार्गारेट फेल, आपल्या जागेवर उभी राहून हे ऐकत होती. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आपण सगळे चोर आहोत, तिला वाटलं. शास्त्रातले शब्द तेवढे उचलले, आतून आपल्याला काहीच माहीत नाही. पुढे तिचं स्वार्थमूर हॉल हे घर या चळवळीचं मुख्य ठाणंच झालं.

विरोधकांचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नव्हतं बरं का. रिचर्ड बॅक्स्टरसारखा विद्वान किंवा जॉन बन्यनसारखा तांबटकाम करणारा उपदेशक हे काही राजदरबारातले लठ्ठ पाद्री नव्हते. त्यांची शंका अशी : बायबल बाजूला सारून 'मला आतून असं वाटतं' हाच पुरावा धरला, तर उद्या कोणीही उठून काहीही म्हणेल. बन्यनचं छापलेलं पहिलं पुस्तक क्वेकरांच्या विरोधातच आहे, १६५६ चं. त्याला उत्तर दिलं एडवर्ड बरो या विशीतल्या क्वेकर पोरानं. गंमत म्हणजे पुढे बन्यन स्वतःच परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बारा वर्षं तुरुंगात गेला, आणि १६७२ साली (१६६० पासून गादीवर पुन्हा राजा आला होता) क्वेकरांनी खटपट करून राजाकडून जी माफी मिळवली, त्या यादीत त्याचंही नाव होतं.

आता नेलरकडे येऊ. कारण बन्यन-बॅक्स्टरची शंका खरी ठरते की काय, असा प्रसंग क्वेकरांच्या घरातच उभा राहिला.

नेलर फॉक्सपेक्षा काही वर्षांनी मोठा, पार्लमेंटच्या सैन्यात क्वार्टरमास्टर राहिलेला. बोलणं असं, की १६५५ साली लंडनमध्ये त्याला ऐकायला दरबारी मंडळीही येत. तेव्हा पुष्कळांच्या लेखी या चळवळीचा पुढारी फॉक्स नव्हता, नेलर होता. तिथंच मार्था सिमन्स नावाची एक बाई क्वेकरांच्या सभांमध्ये मध्येच उठून बोलू लागली. बरो आणि इतर मंडळींनी तिला गप्प बसवलं. ती नेलरकडे न्याय मागायला गेली. त्यानंही आधी तिलाच फटकारलं. ती रडली, आणि हा माणूस आतून हादरला. कित्येक दिवस कशातच नव्हता. मला इथे नेहमी थांबावंसं वाटतं. ज्या चळवळीनं सांगितलं की बाईच्या तोंडूनही देव बोलतो, तिचेच पुरुष मार्थाला सांगत होते, तुझ्या तोंडून बोलतोय तो देव नव्हे. कशावरून? पाद्री तर तुम्हीच मोडीत काढलात.

१६५६ च्या सप्टेंबरात नेलर एक्झेटरच्या तुरुंगात होता. फॉक्स नुकताच लॉन्सेस्टनच्या तुरुंगातून सुटला होता, तो भेटायला गेला. फॉक्स प्रार्थना करत असताना नेलर आणि त्याच्या काही साथीदारांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या नाहीत. देवासमोर क्वेकर टोपी काढतो. मग ही काढली नाही याचा अर्थ उघड होता, ही प्रार्थना देवाची नाहीच. पुन्हा भेट झाली तेव्हा नेलर फॉक्सचं चुंबन घ्यायला पुढे झाला. फॉक्सनं हात मागे घेतला आणि पाय पुढे केला : याचं घे. समतेच्या चळवळीचा संस्थापक! याचं समर्थन कोणाला करायचं तर करो, मला जमत नाही.

महिन्याभरात, २४ ऑक्टोबरला, नेलर घोड्यावर बसून ब्रिस्टल शहरात शिरला. पाऊस कोसळत होता. सोबत सात-आठ बायका-पुरुष, गुडघाभर चिखलातून चालणारे, कोणी घोड्याचा लगाम धरलेला, आणि सगळे गात होते 'पवित्र, पवित्र, पवित्र'. येशू गाढवावरून यरुशलेमात शिरला, त्याचंच हे रूप. सगळ्यांना लगेच पकडलं. झडतीत हॅना स्ट्रेंजर नावाच्या बाईचं पत्र सापडलं, त्याच्या शेवटी तिच्या नवऱ्यानं लिहिलं होतं, यापुढे तुझं नाव जेम्स नाही, येशू. डॉर्कस अर्बरी म्हणाली, यानं मला मेलेली उठवलं. आणि नेलर? तू देवाचा एकुलता एक पुत्र आहेस का, असं विचारल्यावर तो म्हणाला, मी देवाचा पुत्र आहे, पण मला पुष्कळ भाऊ आहेत. म्हणजे तो स्वतःला येशू म्हणवत नव्हता. आतला ख्रिस्त सगळ्यांना दिसावा म्हणून ही एक खूण, एवढंच त्याचं म्हणणं. पण भाविक आपल्याभोवती काय करताहेत ते त्यानं थांबवलं नाही, हेही तितकंच खरं.

आता पार्लमेंटची पंचाईत बघा. ईश्वरनिंदेचा कायदा होता १६५० चा, तोच फॉक्सला लावलेला, आणि पहिल्या गुन्ह्याला त्यात सहा महिने कैद, बस्स. ते पुरेसं वाटेना. मग सभागृहच न्यायालय होऊन बसलं. काही सभासदांनी जुन्या करारातले दगडाने ठेचून मारण्याचे दाखले काढले. देहदंडाचा ठराव ९६ विरुद्ध ८२ मतांनी फेटाळला गेला. चौदा मतांवर तो वाचला. १८ डिसेंबरला त्याला खोड्यात उभं केलं, मग गाडीमागे बांधून लंडनच्या रस्त्यांतून ३१० फटके. २७ ला तापलेल्या सळईनं जीभ भोसकली आणि कपाळावर 'बी' हे अक्षर डागलं, ईश्वरनिंदक याची खूण. शेजारी रॉबर्ट रिच नावाचा एक व्यापारी उभा होता, त्यानं ती जखम जिभेनं चाटली. मग ब्रिस्टलला नेऊन शेपटीकडे तोंड करून घोड्यावरून धिंड, पुन्हा फटके, आणि परत लंडनच्या तुरुंगात. तेव्हा राजाच्या जागी देशाचा कारभार पाहणाऱ्या क्रॉमवेलनं पार्लमेंटला पत्र लिहून विचारलं, हे तुम्ही कोणत्या अधिकारानं केलंत? त्याचं धड उत्तर कोणी दिलं नाही.

क्वेकरांपैकी बहुतेकांनी नेलरपासून हात झटकले. १६५९ मध्ये तो सुटला. आपली चूक त्यानं लेखी कबूल केली, आणि विल्यम ड्यूसबरी या क्वेकरानं मध्ये पडून १६६० च्या सुरुवातीला फॉक्स आणि नेलरचा समेट घडवून आणला. नेलर फॉक्ससमोर गुडघ्यांवर बसला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पायी घरी निघाला असताना हंटिंग्डनजवळ चोरांनी त्याला लुबाडून बांधून टाकलं. त्यातच तो गेला.

पण टोपी काही डोक्यावरून उतरेना! जॉन पेरट नावाचा क्वेकर पोपला सुधारायला रोमला गेला होता. तिथं त्याला वेड्यांच्या इस्पितळात कोंडलं होतं. १६६१ मध्ये सुटून आला आणि म्हणाला, प्रार्थनेच्या वेळी तरी टोपी काढायचा नियम कशाला? आतून प्रेरणा झाली तर काढा, नाही तर राहू द्या. तर्क बिनतोड होता, अगदी फॉक्सचाच. आणि फॉक्स भडकला, कारण त्याला पेरटच्या डोक्यावर एक्झेटरची टोपी दिसत होती.

बाहेर तर वणवाच पेटला होता. बॉस्टनमध्ये १६६० च्या १ जूनला मेरी डायर या क्वेकर बाईला फाशी दिलं, क्वेकरांवरची बंदी मोडून शहरात परत आली म्हणून. इंग्लंडात जानेवारी १६६१ मध्ये व्हेनर नावाच्या भलत्याच पंथाच्या माणसानं लंडनमध्ये बंड केलं आणि भरडले गेले क्वेकर, हजारोंनी. आम्ही कोणत्याही कारणासाठी शस्त्र धरणार नाही, हे जे त्यांचं जाहीर वचन पुढे जगाला माहीत झालं, ते त्या धामधुमीत राजाला लिहून दिलेलं आहे. १६६२ चा खास क्वेकरांविरुद्धचा कायदा तरी आलाच. तुरुंग भरले.

अशा वेळी प्रत्येकानं आपापल्या प्रकाशानं चालणं परवडणारं नव्हतं, आणि फॉक्स हे ओळखून होता. १६६६ साली, तो स्कारबरोच्या किल्ल्यात कैद असताना, पुढाऱ्यांनी पत्रक काढलं : एकट्यादुकट्याच्या प्रेरणेपेक्षा सभेचा निवाडा वरचढ. सुटून आल्यावर त्यानं गावोगाव मासिक आणि त्रैमासिक सभा बसवल्या, बायकांच्या वेगळ्या सभाही. विल्किन्सन आणि स्टोरी या उत्तरेकडच्या दोन जुन्या सहकाऱ्यांनी विरोध केला. बायकांपुढे जाऊन लग्नाची परवानगी मागायची? आणि ही नवी बिशपगिरी नाही तर काय? पहिल्या प्रश्नात त्यांचा पुरुषी अहंकार बोलत होता, दुसरा प्रश्न मात्र रास्त होता. १६७३ पासून लंडनमध्ये क्वेकरांची एक समिती दर सोमवारी बसून त्यांची पुस्तकं छापण्याआधी तपासू लागली. ज्यांनी बिशपांची मक्तेदारी नाकारली, त्यांनीच आपल्या घरात हा पहारा बसवला होता.

माझं मन नेलरकडे ओढतं, तरी एक मान्य करावं लागतं. त्याच दशकात इंग्लंडात असे कितीतरी पंथ उगवले होते, रँटर, सीकर, पाचव्या राज्यवाले. आज त्यांची नावं फक्त इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. क्वेकर टिकले ते फॉक्सच्या या रुक्ष सभांमुळे, नोंदवह्यांमुळे. १६८९ च्या कायद्यानं त्यांना उपासनेची मोकळीक मिळाली आणि दोन वर्षांनी फॉक्स वारला. त्याची आत्मकथा १६९४ साली छापून आली; तिच्यात नेलरच्या वाट्याला ओझरता उल्लेख आहे. नेलरचं लिखाण एकत्र छापायला मात्र क्वेकरांना १७१६ साल उजाडावं लागलं, त्याच्या मृत्यूनंतर ५६ वर्षं. तेही जमवलं ते जॉर्ज व्हाइटहेड या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्यानं, बन्यनला माफीच्या यादीत घेणाऱ्यानं.

नमस्कार.