रायफल ओळखली, फोटो अजून बाकी आहे

(ठाण्यात घरगुती जुन्या फोटोंच्या जतनावर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पडद्यावर आहे तसा फोटो तुमच्यापैकी काहींच्या गावच्या घरी नक्की असेल. मागे रंगवलेला पडदा, तिवईवर कुंडी, फेटा बांधलेला शिपाई आणि उजव्या हाताशी उभी धरलेली रायफल. घरात सांगतात, पणजोबा पहिल्या महायुद्धात होते. असतीलही. पण रायफलीवरून ते ठरतं का, तेवढंच आज बघू.

नजर आधी रायफलीच्या तोंडाकडे न्या. सगळ्यात जास्त माहिती तिथे असते आणि लोक मात्र दस्ता बघत बसतात. इथे लाकूड थेट नळीच्या टोकापर्यंत गेलंय. पुढचा भाग बोथट, करवतीने कापल्यासारखा, आणि माशीच्या, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुंटीच्या, दोन्ही बाजूंना दोन कान. मग बोल्टची, म्हणजे गोळी आत सारणाऱ्या सरकत्या दांड्याची, मूठ बघा. ती मागे, जवळजवळ चापाच्या वर आहे, खाली वळलेली आणि टोकाला गोळा. चापाच्या पुढे लाकडाबाहेर आलेलं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा, त्यात दहा गोळ्या. हे सगळं जुळलं की ती शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड. तिचा मार्क ३ हा प्रकार १९०७ साली आला आणि पुढे बंगालात इशापूरच्या कारखान्यातही बनला.

फोटोत रायफलीची डावी बाजू दिसत असेल तर आणखी एक गोष्ट शोधा. पुढच्या लाकडावर घड्याळासारखी छोटी तबकडी असते. लांब पल्ल्यावर एकगठ्ठा गोळीबार करताना नेम धरायची ती साइट. युद्धात उत्पादन वाढवायचं म्हणून असे भाग गाळून मार्क ३ स्टार काढला, त्यात ती नाही. पण तबकडी दिसली नाही म्हणून लगेच 'स्टार' लिहू नका. दुरुस्तीला गेलेल्या जुन्या रायफलींवरूनही ती काढलेली असते.

आता खरी अडचण. हीच रायफल दुसऱ्या महायुद्धात आपल्या सैन्याकडे होती. १९६२ च्या चीन युद्धातही होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्टेशनवर आपल्या पोलिसांच्या हातातसुद्धा थ्री-नॉट-थ्रीच होती. म्हणजे ही रायफल मार्क ३ असेल तरी एवढंच सांगते की फोटो १९०७ च्या आधीचा नाही. कुठलंही शस्त्र फक्त सुरुवातीची हद्द देतं, शेवटची नाही.

शेवटची हद्द कपड्यांत आणि पट्ट्यांत सापडते. या शिपायाच्या डाव्या खांद्यावरून तिरका चामडी पट्टा आलाय. खिसे मोजा, पाच आहेत. हे १९०३ चं बँडोलियर. प्रत्येक खिशात दहा, म्हणजे पन्नास गोळ्या. त्याऐवजी छातीवर दोन मोठे चौकोनी कापडी पाउच असते, तर तो १९३७ चा साज. ते पाउच ब्रेन गन या हलक्या मशीनगनची मॅगझिन मावावीत म्हणून तेवढे मोठे केले, आणि ब्रेन १९३८ मध्ये आली. तसे पाउच दिसले तर पणजोबा नव्हे, बहुधा आजोबा. घरात यावरून थोडी नाराजी होते, पण आजोबांचं युद्धही काही लहान नव्हतं.

लांब ली-एन्फिल्डचा घोळ वेगळा. ही शॉर्टची थोरली बहीण. लांबी सुमारे १२६ सेंटीमीटर, शॉर्टची ११३. तिच्यात लाकूड आधी संपतं आणि नळीचा तुकडा उघडा पुढे येतो. संगीन लावलेली असेल तर आणखी सोपं. लांब रायफलीत संगिनीची कडी नळीलाच बसते. शॉर्टमध्ये ती नळीखालच्या बुंध्यावर बसते, त्यामुळे नळीचं तोंड आणि संगीन यांच्यात फट दिसते. १९०७ च्या संगिनीचं पातं १७ इंच, आधीच्या १८८८ च्या संगिनीचं १२. अस्पष्ट फोटोतही तो फरक लपत नाही.

पट्टीने लांबी मोजायची असेल तर रायफल जमिनीवर उभी आणि माणसाच्या रेषेत हवी. १६८ सेंटीमीटर उंचीच्या माणसाशेजारी शॉर्ट रायफल उंचीच्या सुमारे ६७ टक्के येते, लांब ७५ टक्के. फेटा धरून उंची मोजलीत तर गणित कोसळतं. रायफल कॅमेऱ्याकडे कलली असेल तर ती आखूड दिसते, मग मोजूच नका.

आघाडीवरच्या फोटोंत जप्त केलेली शस्त्रं येतात आणि गोंधळ वाढतो. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. तिथल्या कूत गावाला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. समोर तुर्की सैन्य, त्यांच्याकडे माउझर रायफली. जर्मन माउझर ९८ मध्ये बोल्टची मूठ चापाच्या पुढे, सरळ बाहेर, काटकोनात. मॅगझिन पाच गोळ्यांचं आणि लाकडाच्या आत, खाली काहीच डोकावत नाही. तुर्कांचं १९०३ चं मॉडेल याच घराण्यातलं. मात्र त्यांच्या १८९० च्या माउझरचं मॅगझिन बाहेर येतं, आणि घाईत लोक त्याला ली-एन्फिल्ड म्हणून मोकळे होतात. म्हणून मॅगझिनवर थांबू नका, मूठ कुठे आहे ते बघा. जर्मन की तुर्की हे ठरवणारा शिक्का ठिपक्याएवढा असतो, सहसा दिसत नाही. तिथे 'लांब माउझर, देश अनिश्चित' एवढंच लिहा.

मशीनगनमध्ये आधी नळीभोवतीचं आवरण बघायचं. ब्रिटिश व्हिकर्सच्या, नळी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या जॅकेटवर बहुधा लांब पन्हळ्या असतात, जुन्या मॅक्झिमचं आणि जर्मन ०८ (१९०८ च्या मॉडेलचं) जॅकेट गुळगुळीत. जर्मन गन घसरगाडीसारख्या चौपायी बैठकीवर असते, व्हिकर्स तिपाईवर. पुढून रबरी नळी निघून डब्यात गेलेली दिसली तर ती वाफ परत पाणी करण्याची सोय. लुइस या हलक्या मशीनगनचं नळकांडं जाड असल्यामुळे तिला पाण्याची गन समजतात, पण तिला खांद्याला लावायचा दस्ता असतो आणि वर ४७ गोळ्यांची गोल थाळी. घोडदळाच्या शिपायांसोबत बारीक नळीची गन असेल आणि बाजूने धातूची पट्टी आत जात असेल, तर ती हॉचकिस. तोफांचं एकच सांगतो: नळीच्या वर दुसरी, दोरखंड गुंडाळलेली नळी असेल तर १८ पौंडी धरून चाला.

आता चुका कुठे होतात ते. बोल्टची मूठ डावीकडे दिसली तर शिपाई डावखुरा नव्हे, निगेटिव्ह उलटी छापली गेलीय. पदकं उजव्या छातीवर आणि कोटाची उजवी बाजू डावीवर आली असेल तर खात्री. दुसरं, त्या काळच्या बहुतेक प्लेटना लाल रंग दिसत नसे. लाल पट्टी काळी येते, निळी फिकट. त्यावरून पलटणीचा रंग ठरवू नका. तिसरं, स्टुडिओतली रायफल कधीकधी स्टुडिओचीच असे.

फोटो १२०० डीपीआयवर, रंगीत स्कॅन करा, कृष्णधवल असला तरी. डाग आणि पेन्सिलच्या खुणा रंगात वेगळ्या दिसतात. पाठही स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो सोलू नका, वरचा थर काचेवरच राहील. तो फ्रेमसकट, बाजूने ४५ अंशांत उजेड देऊन टिपा. वर्तमानपत्रातल्या छपाईला वाढवून उपयोग नाही, ठिपकेच मोठे होतात. आणि मोबाइलवरचं 'क्लिअर करून देणारं' अ‍ॅप ओळख पटेपर्यंत बंद ठेवा. ते अस्पष्ट जागी स्वतःच्या मनाने मूठ काढतं, मॅगझिन जोडतं, आणि आपण त्यावर वाद घालत बसतो.

या पहिल्या फोटोची नोंद मी अशी लिहीन: शॉर्ट ली-एन्फिल्ड, नक्की. १९०३ चं बँडोलियर, नक्की. १९०३ च्या आधीचा नाही, नक्की. १९१४ ते १९१८, बहुधा. रायफल त्याचीच की स्टुडिओची, सांगता येत नाही. हे लिफाफ्यावर लिहायचं, मऊ पेन्सिलने, फोटो आत ठेवायच्या आधी.