मांधाता बेट आणि ओंकारेश्वर

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरहून खांडव्याच्या रस्त्याने सुमारे ७५-८० किलोमीटर गेले की आपण ओंकारेश्वरला पोहोचतो. महाराष्ट्रातून उज्जैनला निघालेली बहुतेक मंडळी महाकालाबरोबर ओंकारेश्वरही करून येतात, आणि हे ‘करून येणे’ बहुधा चार-पाच तासांत उरकते. पूल ओलांडायचा, रांगेत उभे राहायचे, दर्शन घ्यायचे, प्रसाद घेऊन गाडीकडे परतायचे. या क्षेत्राचे खरे स्वरूप मात्र गाभाऱ्यापेक्षा त्याच्या भूगोलात आहे, असे माझे मत आहे, आणि आज त्याविषयीच बोलायचे आहे.

नर्मदेच्या पात्रात मांधाता नावाचे डोंगराळ बेट आहे. इक्ष्वाकू कुळातील राजा मांधात्याने येथे तप केले, म्हणून हे नाव पडले, अशी कथा आहे. बेटाच्या दक्षिणेकडून नर्मदेचा मुख्य प्रवाह जातो आणि उत्तरेकडून जो प्रवाह वळसा घालतो त्याला लोक कावेरी म्हणतात. ही दक्षिण भारतातील कावेरी नव्हे, तर बेटाच्या थोडे अलीकडे नर्मदेला मिळणारी एक लहान नदी होय. ती नर्मदेत मिसळूनही वेगळीच राहते, पलीकडच्या बाजूने निघून बेटाला वळसा घालते आणि पश्चिमेच्या टोकाला पुन्हा नर्मदेला भेटते, अशी श्रद्धा आहे. द्वादश ज्योतिर्लिंगांच्या प्रसिद्ध स्तोत्रातही ओंकाराचे स्थान सांगताना कावेरी आणि नर्मदेच्या संगमाचाच उल्लेख येतो.

येथे ज्योतिर्लिंग एक आणि देवळे दोन, हे अनेकांना ऐनवेळी कळते. विंध्य पर्वताच्या तपाने प्रसन्न होऊन प्रकटलेले लिंग दुभंगले, एक रूप प्रणवात, म्हणजे ओंकारात राहिले आणि दुसरे पार्थिवात, म्हणजे मातीच्या लिंगात, अशी शिवपुराणातील कथा आहे. त्यातले पहिले बेटावरचे ओंकारेश्वर आणि दुसरे दक्षिण तीरावरचे ममलेश्वर, ज्याला अमरेश्वर असेही म्हणतात. दोन्हींचे दर्शन घेतल्यावाचून यात्रा पूर्ण होत नाही, असे तेथील पुरोहित सांगतात, तरीही घाईतला यात्रेकरू नेमके ममलेश्वरच वगळतो. तसे करणाऱ्याचे नुकसान केवळ पुण्याचे होत नाही. या देवळाच्या भिंतीवर इसवी सन १०६३ मधला शिलालेख आहे आणि त्यात आपण घरोघरी म्हणतो ते शिवमहिम्न स्तोत्र कोरलेले आहे. लघुरुद्राच्या वेळी ऐकून कानांत बसलेल्या ओळी जवळजवळ साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या दगडावर पाहण्याचा योग सहसा येत नाही.

ममलेश्वरातच पार्थिव लिंगार्चनाची प्रथा आहे आणि तिचा संबंध पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांशी जोडला जातो. त्यांची राजधानी महेश्वर याच नदीवर, खाली पश्चिमेला. खळगे पाडलेल्या लाकडी फळीपुढे ब्राह्मण बसतात, ओल्या मातीची बोटाच्या पेराएवढी लिंगे वळून एकेका खळग्यात ठेवतात, फळी भरली की यथाविधी पूजा करतात आणि मग ती सारी लिंगे नर्मदेत सोडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती, पुन्हा फळी. कथेतले पार्थिव लिंग ज्या तीरावर, त्याच तीरावर मातीच्या लिंगांची ही पूजा चालते.

बेटावरचे मुख्य मंदिर पाच मजली आहे. सभामंडपातले कोरीव खांब गर्दीच्या रेट्यात नजरेआड होतात. लिंगाचे स्थानही नेहमीसारखे नाही. ते शिखराच्या बरोबर खाली नसून एका बाजूला आहे. रात्री शयन आरतीनंतर शिव-पार्वतीसाठी सारीपाट मांडून ठेवतात. मुक्काम केल्याखेरीज ही आरती मिळत नाही, म्हणून एक रात्र तरी राहावे.

सकाळी ओंकार पर्वताची प्रदक्षिणा करावी. वाट सुमारे सात किलोमीटरची, बरीच चढ-उताराची आहे. गुडघे कुरकुरत असतील तर काठी घ्यावी. पश्चिमेच्या टोकाला संगमाजवळ ऋणमुक्तेश्वर आहे, तेथे कर्जातून सुटण्यासाठी हरभऱ्याची डाळ वाहतात. वर गौरी सोमनाथाचे मंदिर आहे. त्यातले काळे लिंग इतके मोठे आहे की मामा-भाच्यांनी मिळूनच त्याला कवेत घ्यावे, असे म्हणतात, आणि जोडीने आलेले मामा-भाचे तसा प्रयत्नही करतात. पुढे सिद्धनाथाचे मंदिर भग्नावस्थेत उभे आहे, पण त्याच्या जोत्यावर कोरलेल्या झुंजणाऱ्या हत्तींसाठी संपूर्ण प्रदक्षिणा करावी, इतके ते जिवंत आहेत.

आद्य शंकराचार्यांना त्यांचे गुरू गोविंद भगवत्पाद येथेच भेटले, अशी परंपरा आहे आणि ती गुहा मुख्य मंदिराजवळ दाखवतात. डोंगरावर २०२३ साली बाल शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा उभा राहिला. मला स्वतःला ती लहानशी गुहाच अधिक जवळची वाटते.

बेटाच्या वरच्या अंगाला आता धरण आहे. त्याची वीजनिर्मितीची क्षमता ५२० मेगावॅट आहे. पाणी सोडले की घाटांवरची पातळी पाहता पाहता वाढते. म्हणून भोंगा ऐकू येताच पात्रातल्या खडकांवरून तत्काळ काठावर यावे, त्यात धाडस दाखवू नये.

नर्मदा परिक्रमा करणाऱ्यांमध्ये मराठी माणसे मोठ्या संख्येने असतात आणि त्यांतली बरीच ओंकारेश्वरहून निघतात. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि ती कोठेही ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा मुख्य नियम. बेटावर जायचे तर प्रवाह ओलांडावा लागतो, त्यामुळे परिक्रमावासी दक्षिण तीरावर संकल्प सोडतो, ममलेश्वराचे दर्शन घेतो आणि समोर दिसणाऱ्या ओंकारेश्वराला काठावरूनच हात जोडून समुद्राच्या दिशेने चालू लागतो. समुद्राजवळ तीर बदलून, उत्तर तीराने अमरकंटकापर्यंत जाऊन, तेथून दक्षिण तीराने तो याच घाटावर परत येतो. कुमारिकांना जेवू घालून परिक्रमा पूर्ण झाली की मग पूल ओलांडण्याची मोकळीक असते, आणि वाटभर जपलेले नर्मदेचे जल तो ओंकारेश्वराला वाहतो.