गाया पर्वतावरचे ग्रंथभांडार

(दृश्य : लांब लाकडी इमारत, भिंतीतील उभ्या गजांच्या खिडक्या, आत फळ्यांवर ओळीने उभे केलेले काळसर फलक.)

कोरियाच्या दक्षिण भागात, गाया पर्वताच्या उतारावर, हेइन्सा हा बौद्ध विहार आहे. त्याची स्थापना इ. स. ८०२ मध्ये झाली. पायऱ्या चढत एकामागून एक प्रांगणे ओलांडली की वैरोचन बुद्धाचे मुख्य सभागृह लागते, आणि त्याच्याही वरच्या टप्प्यावर, विहाराच्या सर्वांत उंच जागी, आपण आता पाहत आहोत त्या दोन लांब इमारती समोरासमोर उभ्या आहेत. त्यांच्यात ८१ हजारांहून अधिक लाकडी फलक ठेवलेले आहेत. प्रत्येक फलकाच्या दोन्ही बाजू कोरलेल्या आहेत, आणि एकूण अक्षरांची संख्या पाच कोटींहून अधिक भरते. सुमारे दीड हजार ग्रंथांचा हा संग्रह कोरियन त्रिपिटक, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांचा समग्र संग्रह, म्हणून ओळखला जातो. मूर्तीच्या वरची जागा या विहाराने ग्रंथांना दिली आहे, ही गोष्ट पुढचे सर्व पाहताना लक्षात ठेवावी.

आशियातील तत्त्वज्ञान आणि धर्मपरंपरा यांची ओळख करून देणारे लेखन बहुधा सिद्धांतांपासून सुरू होते. चार आर्यसत्ये, सांख्यांची पंचवीस तत्त्वे, वैशेषिकांचे पदार्थ (वास्तवाचे मूलभूत वर्ग), असे प्रत्येक परंपरेला एकेक प्रकरण मिळते, आणि वाचकाच्या मनात या परंपरा एकमेकींशी कधी बोलल्याच नसाव्यात असे चित्र तयार होते. आम्ही सुरुवात ग्रंथ घडवणाऱ्या हातांपासून करत आहोत. एखादा विचार आपल्यापर्यंत आला, कारण कोणी तरी तो मुखोद्गत केला, कोणी लिहून काढला, कोणी परक्या भाषेत नेला, कोणी चार प्रती समोर ठेवून त्यातला पाठ ठरवला. हे श्रम त्या विचाराच्या साधनेचाच भाग मानले जात होते, आणि नव्याने वाचू लागणाऱ्याने ते आधी पाहावेत, असे आम्हाला मनापासून वाटते.

(दृश्य : कार्यशाळा. प्रतिकृती तयार करणारे हात, लाकडाचा छेद, छिन्नी.)

फलकासाठी लागणारे लाकूड घट्ट, सारख्या पोताचे आणि तरीही छिन्नीला वश होणारे असावे लागते. सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या तपासणीत हे फलक बहुतांशी रानटी चेरीच्या आणि त्याखालोखाल रानटी पेअरच्या लाकडाचे असल्याचे दिसून आले आहे. परंपरेने सांगितलेल्या पद्धतीनुसार तोडलेले ओंडके दीर्घकाळ समुद्राच्या पाण्यात ठेवले जात, मग त्यांच्या फळ्या कापून त्या खारट पाण्यात उकळल्या जात आणि सावलीत वाऱ्यावर सुकवल्या जात. अशा संस्कारांमुळे लाकडातला चीक निघून जातो, कीड लागत नाही, आणि पुढे ते पिळवटत किंवा तडकत नाही. फळी रंधून सपाट झाली, की ती साधारण ७० सेंटीमीटर लांब आणि २४ सेंटीमीटर उंच भरते.

लेखनिक पातळ कागदावर मजकूर लिहून देई. एका बाजूला तेवीस ओळी, प्रत्येक ओळीत चौदा अक्षरे, हा साचा जवळजवळ सर्वत्र पाळलेला आहे. लिहिलेला कागद फळीवर पालथा चिकटवला जाई, त्यामुळे अक्षरे उलटी दिसत, आणि कोरणारा अक्षराभोवतीचे लाकूड काढून टाकून अक्षर उठावात ठेवी. इतक्या लोकांनी इतकी वर्षे केलेल्या कामात अक्षराचे वळण मात्र इतके सारखे आहे, की कोणता फलक कोणत्या हाताचा हे नुसत्या नजरेने सांगणे कठीण जाते. त्यासाठी लेखनिकांना आधी एका विशिष्ट वळणाचा सराव दिला गेला असला पाहिजे. प्रत्येक अक्षर कोरण्यापूर्वी कारागीर तीन वेळा प्रणाम करीत, असे परंपरा सांगते. ते शब्दशः खरे मानले नाही, तरी कामामागचा भाव त्यातून कळतो.

कॅमेरा आता ज्या ठिकाणी थांबला आहे, तेथे एका अक्षराभोवती चौकोनी सांधा दिसतो. चुकीचे अक्षर कोरले गेल्यास तेवढाच भाग तासून काढून, त्या जागी योग्य अक्षराचा लाकडी तुकडा बसवला जाई. कोरून झालेल्या फलकावर शाई आणि लाखेचा थर चढे. दोन्ही टोकांना जाड लाकडी पट्ट्या बसवून कोपरे तांब्याच्या पत्र्याने जखडले जात. या पट्ट्या फलकापेक्षा जाड असल्यामुळे फळीवर शेजारी उभे केलेले दोन फलक एकमेकांना टेकत नाहीत आणि त्यांच्यामधून हवा खेळती राहते.

(दृश्य : गांगह्वा बेटाचा किनारा, तटबंदी, ओहोटीची खाडी.)

हे काम सुरू झाले ते युद्धाच्या काळात. तेव्हा कोरियावर राज्य करणाऱ्या कोर्यो राजवटीने याआधीही एकदा संपूर्ण त्रिपिटक कोरून घेतले होते. उत्तरेकडच्या खितान लोकांचे आक्रमण झाले तेव्हा, इ. स. १०११ मध्ये, त्या पहिल्या आवृत्तीला प्रारंभ झाला होता, आणि तिचे फलक १२३२ साली मंगोलांच्या स्वारीत जळाले. त्याच वर्षी दरबाराने राजधानी या बेटावर हलवली. १२३६ मध्ये कोरीव कामासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले, त्याची एक शाखा दक्षिणेत होती, आणि १२५१ मध्ये काम पूर्ण झाल्याचा समारंभ झाला. विद्वान मंत्री ई ग्यूबो याने १२३७ मध्ये राजा आणि दरबार यांच्या वतीने लिहिलेले प्रार्थनापत्र उपलब्ध आहे. पूर्वी ग्रंथ कोरण्याचा संकल्प केल्यावर खितान मागे फिरले होते, तसेच आताही घडावे, अशी याचना त्यात आहे. मंगोल मागे फिरले नाहीत. राजवटीला अखेर त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागले.

या कामाचे संपादन सुगी या भिक्षूकडे होते. त्याचे चित्र नाही, त्याने वापरलेली कोणतीही वस्तू दाखवता येत नाही, म्हणून पडद्यावर त्याच्या वाट्याला फारसे काही येणार नाही. पण या संपूर्ण भांडारात आम्हाला सर्वाधिक आदर वाटतो तो त्याच्याविषयी. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तीन आवृत्त्या समोर ठेवल्या: सोंग राजवटीने ९७१ ते ९८३ या काळात कोरून घेतलेली चिनी आवृत्ती, खितानांची आवृत्ती आणि कोर्योची जळून गेलेली पहिली आवृत्ती. जेथे पाठभेद आढळला, तेथे कोणता पाठ घेतला, कोणता सोडला आणि तसे का केले, याची नोंद त्याने तीस खंडांत लिहून ठेवली आणि तीही फलकांवर कोरली गेली. ज्या खितानांच्या आक्रमणामुळे पहिली आवृत्ती काढावी लागली, त्यांच्याच प्रतीतला पाठ अधिक शुद्ध असेल तेथे सुगीने तो स्वीकारला आहे. पुढे सोंग आवृत्ती जवळजवळ सर्व नष्ट झाली. खितान आवृत्तीच्या काही गुंडाळ्या १९७४ साली चीनमधील यिंगशियान येथील लाकडी पॅगोडात सापडल्या. या दोन्ही हरवलेल्या आवृत्त्यांत काय होते, हे कळण्याचा एक मोठा आधार म्हणजे सुगीची ही नोंद.

(दृश्य : फळ्यांमधली अरुंद वाट, फलकांच्या टोकांवर कोरलेली ग्रंथनामे.)

या रांगांमध्ये अर्थातच सूत्रे (बुद्धाची प्रवचने), विनय (भिक्षूंचे नियम) आणि अभिधर्म (तत्त्वविवेचन) आहेत. मध्य आशियातील कुचा येथे जन्मलेल्या कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी चीनमधील चांगआनमध्ये बसून केलेली भाषांतरे आहेत, आणि त्यांत नागार्जुनाच्या मध्यमककारिकाही आहेत. वस्तूंना स्वतंत्र स्वभाव नसतो, ज्या गोष्टी परस्परांवर अवलंबून उत्पन्न होतात त्याच शून्य होत, हा नागार्जुनाचा विचार चीन, कोरिया आणि जपान येथील वाचकांपर्यंत मुख्यतः या भाषांतरातून पोचला. युआन च्वांगने, म्हणजे ज्याला आपण ह्युएन त्संग म्हणूनही ओळखतो त्याने, ६४५ मध्ये भारतातून परतल्यावर केलेली प्रचंड भाषांतरेही येथेच आहेत.

मात्र कॅमेरा ज्या दोन नावांवर आता स्थिरावला आहे, ती बौद्ध ग्रंथांची नाहीत. पहिला ग्रंथ म्हणजे ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिका आणि त्यांवरील भाष्य. उज्जयिनीचा भिक्षू परमार्थ ५४६ मध्ये समुद्रमार्गे दक्षिण चीनमध्ये पोचला आणि राजकीय धामधुमीत गावोगाव फिरत त्याने जे अनुवाद केले, त्यांत हा आहे. दुसरा ग्रंथ वैशेषिकांचा. त्यात सहाऐवजी दहा पदार्थ मानलेले आहेत. त्याचा अनुवाद युआन च्वांगने केला, आणि त्याचा संस्कृत मूळ पाठ आज उपलब्ध नाही. बौद्धांनी ज्यांच्याशी शतकानुशतके वाद घातला, पुरुष आणि प्रकृती किंवा नित्य आत्मा यांसारख्या ज्यांच्या मतांचे त्यांनी कसून खंडन केले, त्यांचे ग्रंथ बौद्ध त्रिपिटकात जपले गेले आहेत. पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला अर्थ नाही, ही भारतीय वादपरंपरेची शिस्त अनुवादकांबरोबर पूर्वेकडे गेली, आणि तेराव्या शतकात, मंगोल सैन्य देशात फिरत असताना, कोरियन कारागिरांनी सांख्यांची तत्त्वे त्याच काळजीने कोरली.

(दृश्य : वसंतातील समारंभ. ग्रंथ डोक्यावर घेतलेल्या स्त्रियांची रांग प्रांगणातील वळणावळणाच्या आकृतीवरून चालते.)

प्रांगणातील ही आकृती उइसांग या कोरियन आचार्याची आहे. तो ६२५ ते ७०२ या काळात होऊन गेला, चीनमध्ये अवतंसक संप्रदायाचे अध्ययन करून परतला, आणि त्याच्याच शिष्यपरंपरेने पुढे हेइन्सा स्थापन केले. अवतंसकसूत्रासारख्या अफाट ग्रंथाचे सार त्याने २१० अक्षरांत बांधले आणि ती अक्षरे एका अखंड वळत जाणाऱ्या रेषेवर मांडली. आरंभीचे अक्षर ‘धर्म’ आणि शेवटचे अक्षर ‘बुद्ध’ ही दोन्ही आकृतीच्या मध्यभागी शेजारी येतात. चालणारा चोपन्न वळणे घेतो आणि जेथून निघाला तेथेच पोचतो. एका धूलिकणात दाही दिशा सामावलेल्या आहेत, असे त्यातील एक चरण सांगतो. एका गोष्टीत सर्व गोष्टी आणि सर्व गोष्टींत ती एक, तरीही कोणाचेही वेगळेपण पुसले जात नाही, हा या संप्रदायाचा गाभा आहे. तो समजावून सांगताना भाष्यकारांनी शेकडो पाने लिहिली. येथे तो पावलांनी चालला जातो, म्हणून या दृश्यांवर निवेदन काही काळ थांबेल.

(दृश्य : समारंभाचा मूळ ध्वनी. त्यानंतर पुन्हा इमारतीच्या खिडक्या, आधी खालची रांग, मग वरची.)

ग्रंथभांडाराच्या या इमारती पंधराव्या शतकातल्या आहेत. फलक मात्र १३९८ मध्येच गांगह्वाहून येथे आणले गेले होते. दक्षिणेकडच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान आहेत. उत्तरेकडच्या भिंतीत नेमके उलट आहे. त्यामुळे आत आलेली हवा सरळ बाहेर न जाता फलकांमधून वर चढत, फिरत बाहेर पडते. जमिनीत कोळसा, चुना, मीठ आणि माती यांचे थर आहेत. ते पावसाळ्यात ओल शोषतात आणि कोरड्या दिवसांत ती परत सोडतात. १९७०च्या दशकात फलकांसाठी जवळच आधुनिक इमारत बांधण्यात आली, चाचणीसाठी तेथे ठेवलेल्या फलकांची अवस्था बिघडू लागली, आणि स्थलांतर रद्द झाले. विहाराला वेळोवेळी आगी लागल्या, १८१७ च्या आगीत बहुतेक इमारती गेल्या, या दोन वाचल्या. १९५१ मध्ये, कोरियन युद्धात, वैमानिक किम योंग-ह्वान याने विहारावर बॉम्ब टाकण्याचा आदेश पाळला नाही.

ग्रंथभांडाराच्या इमारतींना १९९५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. १९२४ ते १९३४ या काळात जपानमध्ये छापलेली आणि आज जगभरचे अभ्यासक वापरतात ती चिनी त्रिपिटकाची आवृत्ती मुख्यतः याच फलकांच्या पाठावर आधारलेली आहे. परमार्थाने अनुवादलेल्या सांख्यकारिका आणि त्यांवरील भाष्य यांचे चिनीवरून पुन्हा संस्कृतात केलेले रूपांतर १९४४ मध्ये तिरुपतीहून प्रसिद्ध झाले. भारतात टिकून राहिलेल्या सांख्यकारिका आणि त्यांवरील गौडपादाचे भाष्य शेजारी ठेवून ते वाचता येते, आणि दोन्हींत कोठे साम्य आहे, कोठे अंतर पडले आहे, हे वाचकाला स्वतः ताडून पाहता येते.