संतांचा सण म्हणजे वाढदिवस नव्हे!

नमस्कार मंडळी! ३ डिसेंबरच्या व्हिडिओखाली पुन्हा त्याच कमेंट्स: ‘संत फ्रान्सिस झेवियर यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा.’ प्रेमानं लिहिता, मला कळतं. पण ३ डिसेंबर हा त्यांचा वाढदिवस नाही हो! त्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ चा. ३ डिसेंबर १५५२ ला ते वारले. चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर, एका झोपडीत, तापानं फणफणलेले. चीनमध्ये नेणाऱ्या नावेची वाट बघत होते, ती आलीच नाही. जवळ अंतोनियो नावाचा एक चिनी सोबती होता. वय अवघं ४६. आपण सण पाळतो तो त्या झोपडीतल्या दिवसाचा.

आता मुद्द्यावर येते.

संताचा मृत्युदिन हा चर्चच्या लेखी त्याचा स्वर्गातला जन्मदिन. लॅटिनमध्ये त्याला ‘दिएस नातालिस’ म्हणतात, शब्दशः ‘जन्मदिवस’. घोटाळा इथूनच होतो! नाव जन्मदिवस, तारीख मृत्यूची. जयंती नाही, पुण्यतिथी.

अजून पटत नसेल तर उलटीकडून बघा. चर्चच्या वर्षभराच्या कॅलेंडरमध्ये पृथ्वीवरचा जन्म तिघांचाच साजरा होतो: २५ डिसेंबरला प्रभू येशूचा, ८ सप्टेंबरला पवित्र मारियेचा, २४ जूनला योहान बाप्तिस्ताचा. बाकी कुणाचा नाही.

आणि पोलंडचे धर्मगुरू मॅक्सिमिलियन कोल्बे आठवा. नाझींच्या ऑशवित्झ छावणीत दहा जणांना उपाशी मारायचं ठरलं. त्यातला एक बायकोमुलांसाठी रडायला लागला, तेव्हा कोल्बे रांगेतून पुढे आले, म्हणाले, याच्या जागी मला घ्या. दोन आठवडे कोठडीत अन्नपाण्याविना काढूनही जीव गेला नाही, म्हणून विषारी इंजेक्शन दिलं. १४ ऑगस्ट १९४१. ज्याला वाचवलं तो गायोव्निचेक १९८२ मध्ये त्यांच्या संतपदाच्या सोहळ्याला हजर होता. सांगा, या माणसाचा सण १४ ऑगस्टशिवाय कुठल्या दिवशी ठेवाल?

‘ताई, मग पोप जॉन पॉल दुसरे २ एप्रिलला वारले, सण २२ ऑक्टोबरला कसा?’ बरोबर पकडलंत. २२ ऑक्टोबर १९७८ ला त्यांच्या पोपपदाचा शुभारंभ झाला होता. एप्रिलची सुरुवात बहुतेक वेळा उपवासकाळात (ईस्टरआधीचे आठवडे) नाहीतर पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, धामधुमीत येते, तिथे सण झाकला जातो.

यावरून आजीचं मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, पुस्तक आठवलं. लाल-काळ्या छपाईचं, कडा बोटांनी गुळगुळीत झालेल्या. त्यात संत थॉमस अक्विनास यांचा सण ७ मार्चला, त्यांच्या मृत्युदिनी. माझ्या कॅलेंडरवर २८ जानेवारी. मी लहान होते, आजीचं पुस्तक चुकलंय म्हणून वाद घातला. चूक कुणाचीच नव्हती. १९६९ मध्ये कॅलेंडर सुधारलं, तेव्हा त्यांचा सण उपवासकाळातून काढून २८ जानेवारीला नेला. १३६९ मध्ये त्यांचे अवशेष तुलूझला पोचले तो हा दिवस. आजीनं ७ मार्चपुढे पेन्सिलीनं बारीक ‘२८ जाने.’ लिहून ठेवलं होतं, ते मला फार उशिरा दिसलं.

शेवटची कमेंट. ‘मुलीचं नाव तेरेसा, तिच्या नावाच्या संताचा सण कधी?’ कोणत्या तेरेसा ते ठरवा. कोलकात्याच्या मदर तेरेसा, ५ सप्टेंबर. लिझ्यूच्या छोट्या तेरेसा वारल्या ३० सप्टेंबरला, पण तो दिवस संत जेरोमचा, म्हणून १ ऑक्टोबर. आविलाच्या तेरेसा वारल्या ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री, आणि त्याच रात्री जुनं कॅलेंडर जाऊन ग्रेगोरियन लागू झालं. दुसरी सकाळ उजाडली ती थेट १५ ऑक्टोबरची! ४ तारीख असिसीच्या फ्रान्सिसची, म्हणून त्यांचा सण १५ ला. आणि एडिथ श्टाइन, मठातलं नाव तेरेसा बेनेडिक्टा, ९ ऑगस्ट.

चौघींतल्या कोणत्या, ते मुलीलाच विचारा आणि मला कळवा.